पडद्यावरील उद्यांचीं नगरें

आमची राहती इमारत आतां पाडावयाची ठरली आहे. तीन मजले, बारा बिऱ्हाडें, मध्यभागीं झिजून खोलगट झालेल्या जिन्याच्या पायऱ्या, आणि गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत ताणलेल्या कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या, अशी ही साठ वर्षांची वास्तु जाऊन तिच्या जागीं बावीस मजल्यांचा मनोरा उभा राहावयाचा आहे. त्यासंबंधीं गेल्या पावसाळ्यांत सोसायटीची सभा भरली. विकासक गृहस्थांनीं (बिल्डर हा शब्द अलीकडे त्यांस रुचत नाहीं) भिंतीवर पांढरा पडदा लावला, दिवे मालविले, आणि आम्हांस चार मिनिटांचा एक चित्रपट दाखविला.

चित्रपट मोठा मनोहर होता. आकाश निळें, गवत हिरवें, गाड्या निःशब्द सरकत होत्या. सज्जांत उभी राहून एक तरुणी कॉफी घेत होती व एक मूल हातांत फुगा घेऊन धांवत होतें. पाऊस नव्हता, वृद्ध माणूस नव्हतें, आजारी तर नव्हतेंच नव्हतें. आणि त्या साऱ्या मनोऱ्यांत मला एकही केरसुणी दिसली नाहीं. दिवे पुन्हां लागल्यावर तळमजल्यावरील आजींनीं (त्यांस ऐंशी उलटून गेलीं आहेत) विचारलें, "अहो, पण यांत कपडे कोठें वाळत घालावयाचे?" सभेंत हंशा पिकला. आतां कपडे यंत्रांतच वाळतात, असें त्या गृहस्थांनीं सौजन्यानें सांगितलें. हंसणारांत मीही होतों, हें कबूल केलें पाहिजे. आजी मात्र हंसल्या नाहींत.

माझी एक पुतणी वास्तुशास्त्राचा अभ्यास करिते. घरीं आल्यावर मीं तिला हा प्रसंग सांगितला, तेव्हां ती म्हणाली, "काका, तुम्ही पाहिलात तो विज्ञानकथेचाच चित्रपट होता. करणारांनीं तें कबूल केलें नाहीं, एवढेंच. आतां कबूल करून केलेले चित्रपट पाहा." असें म्हणून तिनें आपलें यंत्र माझ्या मेजावर मांडलें, आणि पुढले आठ-दहा दिवस संध्याकाळीं आम्ही दोघें जगांतील निरनिराळ्या उद्यांच्या नगरांतून हिंडून आलों. माझें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. चित्रपटांचा नाद मला कधींच नव्हता. तथापि या प्रवासांत जें दिसलें, तें ज्यांच्या इमारती अशाच पाडावयाच्या आहेत अशा वाचकांस उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आरंभ झाला तो 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटापासून. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. कथा व पटकथा त्याची तेव्हांची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. १० जानेवारी १९२७ रोजीं तो बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. १९२४ सालीं लांग न्यूयॉर्कला गेला असतां तेथील गगनचुंबी इमारतींचें प्रथमदर्शन होतांच हा चित्रपट आपणांस सुचला, असें तो पुढें सांगत असे. वस्तुतः पटकथेचें काम त्या प्रवासापूर्वींच सुरू झालेलें होतें. पण कलावंत लोक अशा गोष्टी मागाहून थोड्या जुळवून घेतात, त्याबद्दल रागावूं नये.

या नगराची रचना अशी: वर आकाशास भिडणारे मनोरे, त्यांना जोडणारे पूल, पुलांवरून वाहणारी वाहनांची रांग आणि मनोऱ्यांच्या मधून जाणारीं विमानें. धनिकांच्या मुलांसाठीं उपवनें व क्रीडांगणें आहेत तीं सर्व वरच. त्याखालीं यंत्रांचीं दालनें. आणि त्याच्याही खालीं, जेथें सूर्यप्रकाश कधींच पोंचत नाहीं, तेथें तीं यंत्रें चालविणाऱ्या मजुरांचें नगर. मजुरांच्या पाळ्या बदलतात तें दृश्य मीं तीन वेळां पाहिलें. एक तांडा बाहेर पडत आहे, दुसरा आंत शिरत आहे. माना खालीं, पावलें एका ठेक्यांत. आणि बाहेर पडणारांची गति आंत जाणारांच्या निम्मी! शब्द एक नाहीं, तरी दिवसभराचा शीण डोळ्यांस दिसतो. त्या नगरांत पाळीचें घड्याळसुद्धां बाराऐवजीं दहा तासांचें आहे. नगराधिपति योह फ्रेडरसेन याचा मुलगा फ्रेडर खालीं उतरतो, एका थकलेल्या मजुराच्या जागीं स्वतः उभा राहतो, आणि घड्याळासारख्या दिसणाऱ्या यंत्राचे कांटे ओढतां ओढतां अर्धमेला होतो. बापाच्या नगरांत दिवे कशानें लागतात, हें त्याला त्या दिवशीं कळतें.

हें नगर उभें केलें कसें, ती कथाही ऐकण्याजोगी आहे. ओटो हुंटे, एरिख केटेलहूट व कार्ल फोल्ब्रेख्ट या कलाकारांनीं त्याचे लहान नमुने बनविले. पुलांवरील चिमुकल्या गाड्या हातानें केसभर पुढें सरकवावयाच्या, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां केसभर सरकवावयाच्या, पुन्हां एक चित्र. पडद्यावर कांहीं क्षणांत सरून जाणाऱ्या दृश्यास असे कित्येक दिवस लागले. ऑयगेन शुफ्तान नांवाच्या गृहस्थानें तर आरशाची एक युक्ति काढली. कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत आरसा उभा करावयाचा. जेथें माणसें दिसावयास हवींत तेथला मागचा पारा खरवडून टाकावयाचा, म्हणजे तेवढ्या उघड्या कांचेंतून पलीकडे दूर उभीं असलेलीं खरीं माणसें दिसतात, आणि उरलेल्या आरशांत बाजूला ठेविलेल्या लहानशा नमुन्याचें प्रतिबिंब पडतें. दोन्ही मिळून प्रचंड इमारतीच्या पायथ्याशीं माणसें उभीं आहेत असा भास होतो. चित्रीकरण १९२५ च्या मे महिन्यापासून १९२६ च्या ऑक्टोबरपर्यंत चाललें. खर्च पन्नास लाख मार्कांवर गेला आणि निर्मात्या कंपनीचा कणा मोडावयाची वेळ आली. पुढें व्यापाऱ्यांनीं चित्रपटास अशी कात्री लावली कीं त्याचा मोठा भाग नष्टच झाला असें सर्वांस वाटत होतें. २००८ सालीं ब्वेनोस आयरेस येथील संग्रहालयांत एक जवळजवळ पूर्ण प्रत निघाली, व २०१० मध्यें जोडकाम केलेला चित्रपट पुन्हां बर्लिनमध्यें दाखविला गेला.

आपल्या वाचकांस एक गोष्ट विशेष वाटेल. थेआ फॉन हार्बू हिनें लांगपासून विभक्त झाल्यावर ज्यांच्याशीं गुप्तपणें विवाह केला, ते बेळगांवकडचे पत्रकार आयी गणपत तेंडुलकर होत. १९३३ सालीं लांगनें जर्मनी सोडली. ती मात्र तेथेंच राहिली, आणि नाझी पक्षाची सभासद झाली. मजुरांच्या दुःखावर डोळे ओले करावयास लावणारी लेखणी आणि तो पक्ष यांचा मेळ तिनें मनांत कसा घातला असेल, याचा विचार मीं पुष्कळ केला. मला तो सुटला नाहीं.

या चित्रपटावर सर्वांत तिखट टीका केली ती एच्. जी. वेल्स यांनीं. असें उभें थरांचें नगर आपण स्वतःच गेल्या शतकाच्या अखेरीस एका कादंबरींत कल्पिलें होतें, तें आतां शिळें झालें. आणि यंत्रें जर एवढीं समर्थ, तर त्यांना माणसाच्या हाडांचें वंगण कशाला हवें, असा त्यांचा मथितार्थ होता. आक्षेप तर्कशुद्ध आहे. परंतु टीकाकारानें स्वतः करून दाखवावें, अशी वेळ फार थोड्यांवर येते; ती वेल्स यांच्यावर आली. १९३६ सालचा 'थिंग्स टु कम' हा बोलपट त्यांच्याच पटकथेवर निघाला, निर्माते अलेक्झांडर कोर्डा. लांगनें केलें त्याच्या नेमकें उलट करा, अशी लेखी सूचनाच वेल्स यांनीं कलाकारांस दिली होती.

त्यांतील 'एव्हरीटाउन' या शहरावर १९४० च्या नाताळांत आकाशांतून बॉंब पडतात. खरें महायुद्ध १९३९ च्या सप्टेंबरांत सुरू झालें आणि लंडनवर बॉंबचा वर्षाव सुरू झाला तो १९४० च्याच सप्टेंबरांत. तीन-चार महिन्यांची चूक ज्योतिषास क्षम्य आहे. मात्र शेवटीं २०३६ सालचें जें स्वर्गतुल्य नगर येतें, तें पाहून मी अस्वस्थ झालों. तें भूगर्भांत आहे. सर्वत्र शुभ्र भिंती, कांचेचे पाळणे, कृत्रिम प्रकाश. एक वृद्ध एका चिमुरडीस जुन्या न्यूयॉर्कचीं चित्रें दाखवितो, आणि पूर्वीं घरांना खिडक्या असत याचें तिला नवल वाटतें. येथेंही मला केरसुणी दिसली नाहीं. वेल्स यांनीं खालचें नगर पुसून टाकलें हें खरें. पण त्या शुभ्र भिंती पुसतो कोण, हें सांगावयाचें राहून गेलें. माझी पुतणी म्हणते कीं आमच्या विकासकांचा चित्रपट हा वेल्स यांचाच नातू आहे.

येथें ग्रंथ व चित्रपट यांतील भेद ध्यानांत येतो. ग्रंथकार "तें नगर अत्यंत भव्य होतें" असें लिहून पुढें जाऊं शकतो. आमच्या काव्यांतून तर अशीं नगरें किती तरी आहेत. वनपर्वांत शाल्वराजाचें सौभ नगर आकाशांत संचार करितें; मयासुरानें रचिलेल्या त्रिपुरांपैकीं सोन्याचें स्वर्गांत, रुप्याचें अंतरिक्षांत आणि लोखंडाचें पृथ्वीवर. (यावरून आमच्या पूर्वजांपाशीं विमानें होतीं असा निष्कर्ष काढणारी उत्साही मंडळी आढळतात, मला तो मान्य नाहीं. कवीची कल्पनाशक्ति अफाट होती, एवढेंच यावरून सिद्ध होतें, आणि तेवढें पुरे आहे.) परंतु सौभ नगरांत पाणी कोठून येई, हें विचारण्याचें धाडस आजवर एकाही विद्यार्थ्यानें केलें नाहीं, आणि केलें असतें तर मीं त्यास बाकावर उभें केलें असतें. कॅमेऱ्यास विशेषण चालत नाहीं. त्याला दाराची रुंदी, पायरीची उंची आणि दिव्याचा रंग ठरवून द्यावा लागतो. आणि चित्रपटकारानें जें ठरविलें नाहीं, तेंही त्याची रिकामी जागा होऊन पडद्यावर दिसतें.

नगर बांधावयास पैसा नसला म्हणजे काय करावें, याचें उत्तरही या मंडळींनीं शोधलें आहे. गोदार यांनीं १९६५ मध्यें 'आल्फाव्हिल' हें दूरचें भयाण नगर त्या वेळच्या पॅरिसमध्यें रात्रीं हिंडून टिपलें. एक भिंतही नवी उभारली नाहीं. रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्की यांनीं 'सोलारिस' या १९७२ च्या चित्रपटांत भविष्यकाळचें शहर म्हणून टोकियोचे उंचावरचे रस्ते दाखविले. २०१३ च्या 'हर' या चित्रपटांत लॉस एंजल्सचा भविष्यकाळ म्हणून आपण पाहतों त्यांत पुष्कळसें शांघाय आहे. म्हणजे एका गांवचा आज तो दुसऱ्या गांवचा उद्यां.

सर्वांत अधिक मन रमलें तें 'ब्लेड रनर' या १९८२ च्या चित्रपटांत. रिडली स्कॉट यांनीं त्यांत नोव्हेंबर २०१९ मधील लॉस एंजल्स दाखविलें. तो महिना आला आणि गेलाही. उडत्या गाड्या आल्या नाहींत. चित्रपटांतील नायक तेथें सार्वजनिक दूरध्वनीपाशीं उभा राहून, समोरच्या पडद्यावर पलीकडच्या व्यक्तीचें तोंड पाहत बोलतो; आज कोणाच्याही खिशांत असणारें यंत्र त्या बुद्धिमान मंडळीस सुचलें नव्हतें. पण एक गोष्ट त्यांस सुचली, ती मोलाची आहे. त्या नगरांत जुन्या इमारती नाहींशा झालेल्या नाहींत. १८९३ सालची ब्रॅडबरी इमारत तेथें आहे, तिचे लोखंडी कठडे आहेत, वरून पाणी गळत आहे. जुन्यावर नव्या नळ्या, नळ्यांवर तारा, तारांवर जाहिराती, असें थर चढत गेलें आहे. रस्त्यावर एकसारखा पाऊस, छत्र्या, खाण्याच्या टपऱ्या, चार भाषांची खिचडी. "हें तर आपल्या पेठेसारखें दिसतें!" असें माझ्या तोंडून निघून गेलें. ज्या वाड्यांत माझें बालपण गेलें, त्याच्या सागवानी खांबावर प्रथम विजेची तार आली, मग दूरध्वनीची, मग दूरचित्रवाणीची, खांब तोच. नगर म्हणजे कोऱ्या पाटीवर काढलेलें चित्र नव्हे, हें कळण्यास मला लॉस एंजल्सपर्यंत जावें लागलें.

आपल्याकडील ताजें उदाहरण २०२४ सालच्या 'कल्कि २८९८ एडी' या तेलुगु चित्रपटाचें. त्यांत पृथ्वीवर उरलेलें शेवटचें नगर काशी. गंगा आटलेली, धुळींत माणसें कशीबशीं जगत आहेत, आणि वर उलट्या पिरॅमिडासारखी एक प्रचंड वसाहत टांगल्यागत उभी आहे, तींत पाणी आणि हिरवळ. मारामाऱ्या मला झेपल्या नाहींत, त्या वेळीं मी चहा करावयास उठलों. पण बर्लिनचें तें वर-खालचें नगर शंभर वर्षांच्या आंत काशीस येऊन पोंचलें, हें पाहून थोडें चमकलों. वर पाणी आणि खालीं धूळ ही गोष्ट आम्हांस कल्पावी लागत नाहीं. उन्हाळ्यांत टँकर कोणत्या फाटकांतून आंत जातो, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

दिवाळीच्या सुटींत पुतणीनें इमारतींतील मुलें गोळा केलीं आणि जाहीर केलें कीं आपणही एक चित्रपट करावयाचा: 'आमची इमारत, सन २०७५'. जोड्यांचीं खोकीं, औषधांच्या पेट्या, कांड्यापेट्या यांचा बावीस मजली मनोरा गच्चीवर उभा राहिला. शुफ्तानच्या युक्तीसाठीं एक जुना आरसा मिळाला. त्याच्या पाठीवरचा रंग व पारा खरवडण्याचें काम मजकडे आलें; चाकूनें अंगठा कापला, तरी दोन दिवसांत टीचभर कांच मोकळी झाली. त्या कांचेंतून तळमजल्यावरच्या आजी गच्चीच्या टोकास खुर्चीवर बसलेल्या दिसत, आणि आरशांतील खोक्याच्या चौदाव्या मजल्याच्या सज्जाशीं बरोबर जुळत. मुलांनीं टाळ्या पिटल्या. नंतर कथा लिहावयास बसलीं, आणि तेथें अडलीं.

आजी सकाळीं उठल्या. पुढें? पाळण्यानें खालीं उतरल्या. वीज गेली असली तर? वीज जाणार नाहीं, असें एकानें सांगितलें. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाहीं. मग चौदा मजले जिन्यानें उतरून त्यांस रुग्णालयांत कोणी न्यावयाचें? धुणेंभांडीं कोण करणार? यंत्रमानव. ठीक. यंत्रमानव बिघडला तर? कारागीर येईल. कारागीर कोठें राहतो? येथें शांतता पसरली. एक दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "दूर, खाली कुठेतरी." त्या मुलानें 'मेट्रोपोलिस' पाहिलेला नव्हता.

आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाई दोरीवरचे कपडे काढतां काढतां हें सारें ऐकत होत्या. त्यांना पुतणीनें चित्रपटांत काम करण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "करते की. पण मी कुठून आले ते दाखवाल का? सगळ्यांत मी एकदम ओट्याशीच उभी असते." म्हणून एक दृश्य वाढलें. पहांटे साडेपांच वाजतां नदीपलीकडच्या त्यांच्या घरापासून मुलें त्यांच्याबरोबर चालत आलीं; पाऊण तास लागला. सात मिनिटांच्या चित्रपटांत हें चालणें दीड मिनिट आहे. कांहीं पालकांस तें कंटाळवाणें वाटलें. मला वाटलें नाहीं.

पुढल्या सभेंत आम्हीं तो चित्रपट त्याच पांढऱ्या पडद्यावर दाखविला. विकासक गृहस्थ गंभीरपणें पाहत होते. एकदां हंसले, पण योग्य ठिकाणीं. गच्चीवर कपडे वाळविण्यास जागा ठेवण्याचें त्यांनीं मान्य केलें. रुग्णाची खाट मावेल एवढा एक पाळणाही आराखड्यांत आला. कामकरी बायांसाठीं तळमजल्यावर शौचालय व बसावयास खोली हवी, या मागणीस "विचार करूं" असें उत्तर मिळालें; त्यासाठीं आमच्यापैकींच तिघांनीं आपली हातभर जागा कमी होऊं देण्यास नकार दिला, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. करारावर माझी सही अजून व्हावयाची आहे, आणि मी ती त्या खोलीसाठीं अडवून धरली आहे. त्यामुळें जिन्यांत दोन-तीन शेजारी हल्लीं माझ्याशीं बोलत नाहींत.

खोक्यांचा मनोरा सध्यां माझ्या कपाटावर आहे. आजी अधूनमधून येऊन तो पाहून जातात. चौदावा मजला त्यांस मुळींच पसंत नव्हता. परवां त्यांनीं एका मुलाकडून आपला सज्जा सोडवून तिसऱ्या मजल्यावर चिकटवून घेतला, आणि त्याच्यापुढें सुतळीची एक दोरी बांधून घेतली.